शिलाई मशिनींमधला पियानो

मी एक जुना पियानो आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण कामरगावात मला या नावानं कुणी ओळखत नाही. कुणी 'मोठी पेटी' म्हणतं, कुणी 'गफ्फार मिस्त्रीचं कपाट' म्हणतं, आणि कारंज्याच्या बसची वाट बघणारे प्रवासी तर मला पाठ टेकायची वस्तू समजतात. समजू द्या बापडे. पण मित्रांनो, तुम्ही शाळा सुटली की दुकानात डोकावता, माझं झाकण उघडून एखादी पट्टी दाबता आणि 'ईऽ, बेसूर हाय' म्हणून हसत पळता, ते मात्र मला लागतं. म्हणून आज बसा जरा. मी जन्मापासून असा नव्हतो. मला असं करणारा माणूस माझा वैरीही नव्हता. वैरी असता तर बरं झालं असतं, निदान त्याला चार शिव्या घालता आल्या असत्या.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यातला. अंग सागवानी, पोटात ओतीव लोखंडाची जड चौकट. तिच्यावर दोनशेहून जास्त तारा ताणलेल्या. प्रत्येक तारेचं एक टोक लोखंडाच्या खुंटीला गुंडाळलेलं आणि ती खुंटी कठीण लाकडात ठोकून बसवलेली. समोरची पट्टी दाबली की आत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक छोटा हातोडा उठतो, तारेवर आपटतो आणि सूर निघतो. पण सगळी मदार त्या खुंटीवर. बैलाचा खुंटा जमिनीत घट्ट असेल तोवर बैल जागेवर. खुंटा हलला की बैल शेजाऱ्याच्या तुरीत. माझंही तसंच. लाकडानं खुंटी आवळून धरली तरच तार ताणलेली राहते.

वाशीमच्या एका बंगल्यात माझी तरुणपणाची वर्षं गेली. तिथे माझ्यावर फुलदाण्या असत, लग्नाचे फोटो असत, वाजवणारं कुणी नसे. मालक गेले, मालकीणबाई गेल्या, मुलं परदेशी. बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा गफ्फार मिस्त्री तिथे आला तो पायानं चालवायच्या एका शिलाई मशिनीसाठी. त्याला सांगण्यात आलं की मशीन हवी असेल तर ही पेटीही उचलावी लागेल. बिचाऱ्यानं माझं वरचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

"अगा, हे तं मशीनच हाय," तो टेम्पोवाल्याला म्हणाला. "कपडा शिवत नाही, एवढंच."

मला राग आला होता. कुठे मी, कुठे शिलाई मशीन! पण आज विचार करतो तेव्हा वाटतं, माझ्या पोटात इतक्या आदरानं त्याआधी कुणी पाहिलंच नव्हतं.

घराच्या दारातून मी आत जाईना, म्हणून बसस्टँडसमोरच्या दुकानात माझी सोय झाली. दोन्ही बाजूंना नादुरुस्त शिलाई मशिनींची रांग आणि मध्ये मी. गफ्फारची बायको हाजराबी बघायला आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"मशीन आणायले गेले अन् हत्ती घेऊन आले," ती म्हणाली. "याले चारा कोन टाकन?"

चारा टाकला तिच्या मुलीनं. उमेरा तेव्हा पहिलीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि उभ्यानंच माझ्या पट्ट्या दाबत राहायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, पोरगी खेळते आहे. मला कळलं होतं. ती एक पट्टी दाबायची, सूर पार विझेपर्यंत ऐकायची आणि मगच दुसरी दाबायची. असं ऐकणारं मूल मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी धनजच्या जीपची वाट बघणारा एक म्हातारा आत आला. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या. त्याचं नाव दौलतसिंग. पोलीस बँडमधून निवृत्त होऊन तो धनजला शेतावर राहायला आला होता. विलायती स्वरलिपी त्याला आपल्या बाराखडीसारखी पाठ होती आणि गावात ती विचारणारं कुत्रंसुद्धा नव्हतं.

"पोरीले शिकवू का?" त्यानं गफ्फारला विचारलं.

"इचारता कायले, मास्तर? शिकवा ना."

झालं. जीप निघून गेली आणि मास्तर राहिला. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा तो यायचा आणि कडक शिकवायचा. बोट चुकलं की पोरीच्या हातावर नाही, स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा. गफ्फार तिकडे मशिनी खोलत असायचा, हाजराबी काजं करत बसायची, बाहेर कंडक्टर ओरडायचा, आणि मध्ये उमेरा वाजवायची. गावात कुजबुज झालीच. पोरीच्या जातीनं बाजा वाजवायचा म्हणजे काय, असं एक-दोन जणांनी दुकानात येऊन ऐकवलं. हाजराबीनं मान वर न करता सुईत दोरा ओवला.

"माहे पाय मशीन चालवते तं चालते," ती म्हणाली. "तिचे हात चालले तं तुमाले काहून टोचते?"

पुन्हा कुणी आलं नाही.

मला सुरात लावायचं काम मास्तरचं. त्यासाठी शांतता लागते, आणि बसस्टँडवर शांतता कुठली? म्हणून त्यानं शुक्रवार धरला. जुम्म्याच्या नमाजला गफ्फार दुकानाचं शटर अर्धं ओढून जायचा आणि मास्तर आत माझ्या पोटाशी बसायचा. खुंट्या फिरवायचा पाना गफ्फारनंच बनवून दिला होता, जुन्या मशिनीच्या दांड्याला चौकोनी तोंड पाडून. नमाजहून परत आला की त्याला दिसायचं, मास्तर घामानं चिंब, हाताच्या शिरा टरटरलेल्या आणि खुंटी केसभरही सरकायला तयार नाही.

"लयच घट्ट हायेत ना, मास्तर?" गफ्फार हळहळायचा.

"घट्टच बरं, गफ्फारभाई," मास्तर धापा टाकत म्हणायचा.

गफ्फारला वाटायचं, म्हातारा सज्जन आहे, कुरकुर करत नाही. त्याच्या मनात ते राहून गेलं. कारण मित्रांनो, गफ्फारचा जन्मभराचा एकच धर्म होता, नमाज सोडला तर. तेल. जाम झालेली मशीन घेऊन बाई यायची, रडकुंडीला आलेली. हा आपली बारीक चोचीची कुपी उचलायचा, चार जागी चार थेंब सोडायचा, चाक फिरवायचा आणि म्हणायचा, "घ्या बाई, उपाशी होती." मशीन भुरभुर चालू लागायची. पंचक्रोशीत त्याचं नाव त्या कुपीवर झालं होतं. माझ्या वाटेला मात्र तो कधी गेला नाही. हे मास्तरचं मशीन, असं म्हणायचा.

उमेरा मोठी झाली. दहावीनंतर मास्तरनं तिला नागपूरला एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे नेलं. तिथून मुंबई, मुंबईहून शिष्यवृत्तीवर जर्मनी. जाताना ती माझ्याजवळ आली, सगळ्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला आणि गेली. पुढचं सगळं मी मोबाइलवर ऐकलं. गफ्फार फोन माझ्या डोक्यावर उभा करायचा, आवाज मोठा करायचा आणि अख्खं दुकान गप्प बसवायचा. समोर बस लागली तरी हातानं थांब म्हणून खुणा करायचा, जणू बस त्याच्या बापाची. परदेशातल्या मोठ्या सभागृहांत, पन्नास वादकांच्या मधोमध बसून आमची उमेरा वाजवत होती. मी ऐकायचो. ज्या पियानोवर ती वाजवायची तो माझ्याहून कितीतरी श्रीमंत असायचा, पण सूर विझेपर्यंत थांबायची तिची सवय माझ्याकडची होती. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटायचा.

मुंबईत तिचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा गफ्फार आणि हाजराबी दोघं गेले. इस्त्रीचा पठाणी घालून हा पुढच्या रांगेत. कार्यक्रम संपल्यावर कुणा बड्या माणसानं विचारलं, कसं वाटलं? हा म्हणाला, "एक बी टाका ढिला नव्हता, साहेब." हाजराबी ही गोष्ट अजून सांगते. सांगायची, म्हणजे. आता नाही सांगत.

मास्तर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वारला. मला सुरात लावणारं कुणी उरलं नाही. मी थोडा उतरलो, पण खुंट्या शाबूत होत्या, लाकडाची पकड पक्की होती. जाणत्या माणसानं दोन दिवस घालवले असते तर मी उभा राहिलो असतो.

मग उमेराच्या हाताला ते झालं. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाजवताना आपसूक आत वळू लागलं. भाकरी खाताना नाही, केस विंचरताना नाही, फक्त वाजवताना. तिनं सराव वाढवला, तसं ते जास्तच वळू लागलं. एक कार्यक्रम रद्द झाला, मग दुसरा, मग बोलावणीच थांबली. डॉक्टरांनी सांगितलं, हात धडधाकट आहे, पण डोकं त्या बोटाला विसरलं आहे. एकच उपाय दिसतो. अगदी पहिल्यापासून शिकायचं, लहान मुलासारखं, एका बोटानं. आणि जमलं तर त्याच वाद्यावर, जिथे पहिल्यांदा शिकलात. खात्री नाही, पण आशा तेवढीच आहे.

तिनं घरी फोन केला. फोन दुकानातच आला, म्हणून मी सगळं ऐकलं.

"अब्बा, माहा पियानो हाय ना तसाच?"

"तसाच हाय, बेटा. कोनाले हात लावू देत नाही मी."

"मंग मी येते. त्याच्यावरच होईन झालं तं. नाहीतं मंग नाही."

फोन ठेवल्यावर गफ्फार बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मला त्याचं मन कळत होतं. पोरगी तिकडे एकटी रडली, तिनं डॉक्टरांचे उंबरे झिजवले आणि बाप म्हणून त्याला काहीच करता आलं नाही. आता ती इथे येणार होती, त्याच्या दुकानात, एका मशिनीपाशी. आणि मशीन म्हटली की गफ्फार मिस्त्री.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी गिऱ्हाइकं परत पाठवली. माझी समोरची फळी उतरवली. ब्रशनं धूळ काढली, पालीची वाळलेली अंडी काढली, कोपरे कापडानं पुसले. इतकं जपून की मला गहिवरून आलं. मग त्यानं पान्यानं एक खुंटी फिरवून पाहिली. ती हलली नाही. तो चुकचुकला. त्याला मास्तरच्या शिरा आठवल्या असतील, आणि पोरीचं वळणारं बोटही. त्यानं कुपी उचलली.

हाजराबी दारात उभी होती. "एकखेप पोरीले तं इचारा," ती म्हणाली.

"तिले काय इचारू? आली का पाह्यन तिच्याच डोयानं."

मित्रांनो, माझ्यात सात सप्तकांहून जास्त सूर होते. त्यातला एकही 'थांब' म्हणू शकत नव्हता. पट्टी कुणी दाबल्याशिवाय मी बोलत नाही, हेच तर माझं दुखणं. तो एकेका खुंटीच्या मुळाशी तेल सोडत गेला. एकही चुकवली नाही. थंडगार तेल लाकडात झिरपत होतं आणि खरं सांगतो, आधी बरंच वाटलं. संध्याकाळी त्यानं पुन्हा पाना लावला. खुंटी गर्रकन फिरली.

"हे पाह्य हाजरा, मास्तर किती हाल काढत होता! आता दोन बोटानं फिरून राह्यली." इतका खूश मी त्याला मुंबईहून परतल्यावरच पाहिला होता.

मी मात्र आतून सुटत चाललो होतो. तेल प्यालेलं लाकूड खुंटी धरत नाही. तारा आपल्या ताणानं खुंट्यांना उलट्या फिरवत होत्या, एकेक, गुपचूप.

उमेरा आली तेव्हा फार वाळली होती. अम्मीच्या गळ्यात पडली, पाणी प्यायली आणि थेट माझ्यासमोर बसली. उजव्या हाताचं तेच बोट तिनं डाव्या हातानं सरळ केलं, अलगद मधल्या पट्टीवर ठेवलं आणि दाबलं. जो आवाज आला तो मीसुद्धा ओळखला नाही. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा. तिनं पुन्हा दाबलं. शेजारची पट्टी दाबली. आधी तिला वाटलं, आता कानही गेले की काय. मग तेलाचा वास आला असेल. तिनं वाकून फळी उघडली आणि चकाकणाऱ्या खुंट्यांच्या रांगा पाहिल्या.

गफ्फार मागेच उभा होता, हात पुसत. "हलका झाला ना, बेटा?"

तिची पाठ त्याच्याकडे होती, तोंड माझ्याकडे. त्यामुळे तिचा चेहरा फक्त मी पाहिला. तो मी कुणाला सांगणार नाही.

"हो, अब्बा," ती म्हणाली. "लय हलका झाला."

आणि तिनं मास्तरनं शिकवलेला पहिला धडा वाजवला. माझ्या सैल तारांवर, तिच्या न ऐकणाऱ्या बोटानं. शेजारच्या घरात चालणाऱ्या मशिनीचा पट्टा सैल आहे की नाही हे बसल्या जागी सांगणारा गफ्फार तो. त्याचा चेहरा उतरला.

"असा काहून येऊन राह्यला आवाज?"

"माहा हात ठीक नाही ना. त्याच्यानं," उमेरा म्हणाली.

दोन दिवसांनी उमेरानं नागपूरहून बोलावलेला विनोद नावाचा कारागीर आला. पियानो सुरात लावणं हाच त्याचा धंदा. गफ्फार नमाजला गेला होता. विनोदनं एका खुंटीला हात लावला, बोट नाकाशी नेलं आणि हत्यारांची पिशवी उघडलीच नाही.

"लाकूड तेल प्यालं, ताई. ते आता काही धरत नाही. आख्खं लाकूडच बदलावं लागते, अन् अशा जुन्या पियानोचं ते कोणी करत नाही इकडे. हा गेला समजा."

उमेरानं वळून शटरकडे पाहिलं. मग म्हणाली, "अब्बाले हे सांगू नका, विनोदभाऊ. उन्हानं झालं म्हणा."

गफ्फार आला तेव्हा विनोदनं तसंच सांगितलं. ऊन, चाचा, आपल्याकडचं ऊन लाकडाला खाऊन टाकतं. गफ्फारनं ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला, बसमध्ये बसवून दिलं. मग दुकानात परतला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि एका खुंटीवर बोट ठेवलं. जोर न लावता ती फिरली. त्यानं दुसरी फिरवली, तिसरी फिरवली. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पाहिले. ज्या माणसानं अख्खं आयुष्य पकड आणि सैलपणा बोटांनी मोजण्यात घालवलं, त्याला उन्हाचं सांगून काय होणार? तो तिथेच बसून राहिला. शटरबाहेर एक बाई मशीन घेऊन उभी होती, हाका मारून कंटाळली आणि निघून गेली.

रात्री जेवायला बोलवायला उमेरा आली.

"ऊन होतं म्हणे," तो म्हणाला.

"हो, अब्बा."

"यंदा लयच होतं," तो म्हणाला, आणि उठला.

दोघंही एकमेकांना जपत होते. तिला वाटतं अब्बांना माहीत नाही. त्याला वाटतं, आपल्याला कळलंय हे तिला कळू नये. मध्ये मी, सगळं जाणून, मुका.

उमेरा आठ-दहा दिवस राहिली. रोज समोर बसायची, झाकण न उघडता. मग तिनं पुण्याला एका शाळेत लहान मुलांना शिकवायची नोकरी धरली. डाव्या हातानं वाजवून दाखवते म्हणे. दुसऱ्या पियानोवर तिनं ते बोट शिकवून पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. फोन येतो तेव्हा गफ्फार तब्येतीचं विचारतो, जेवणाचं विचारतो. संगीताचं नाव कुणीच काढत नाही. आता फोन माझ्या डोक्यावर कुणी उभा करत नाही.

गफ्फारचं काम मंदावलं आहे. जाम मशीन समोर आली की तो तिच्याकडे बघत बसतो. तेलाची कुपी हातात घेतो आणि हात अधांतरी थांबतो. बाया वाट बघतात, शेवटी म्हणतात, राहू द्या मिस्त्री, कारंज्याला नेते. तो त्यांना अडवत नाही. पोरीच्या हाताचं दुखणं बापाच्या हातात आलं, असं हाजराबी एकदा चुलीशी बसल्यासारखं माझ्या पायाशी बसून म्हणाली. तिला कुणीच काही सांगितलेलं नाही. तिला सगळं माहीत आहे.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. मी आता दुरुस्त होण्यातला नाही, आणि मला हलवायलाही सांगत नाही. मी इथून गेलो तर का गेलो ते बोलावं लागेल. माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, एखादं थकलेलं माणूस असेल, ते ताठ दिसलं, घट्ट दिसलं, तर लगेच मायेनं सैल करायला धावू नका. तो घट्टपणा कशासाठी आहे हे जाणत्याला आधी विचारा. विचारलं तर मान जातो असं मोठ्या माणसांना वाटतं. अचानक आनंद द्यायचा असतो, म्हणूनही विचारत नाहीत. गफ्फारनं नाही विचारलं. पोरीचा आज पुण्याचा असलेला नंबर तेव्हा परदेशातला होता, पण फोन लागत होता. पोरीनं उचलला असता. "बेटा, तेल टाकू का?" एवढंच विचारायचं होतं.